बाईंना पाठवलेलं सुरूचं झाड

लिडियाचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर उन्हात हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. "मावशी, आई गेली... झोपेतच," एवढंच ती बोलली. मी "अगं बाई" म्हटलं, ताट बाजूला सारलं आणि उठले. पण उठता उठता माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते रडू नव्हतं. लिहायलाच बसलेय तर तेच आधी लिहिते. मनात आलं, सुटले! आता त्यांना झाडाचं सांगावं लागणार नाही. रडू त्याच्या मागून आलं. ते बाईंसाठी किती आणि त्या एका 'सुटले'साठी किती, हे आज पाच आठवडे झाले तरी मला निवडता येत नाही.

बाई म्हणजे सलोमीबाई, आमच्या लासुर्ण्याच्या नर्स. गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, मी बाईच म्हणत आले. लुनावर पुढं औषधांची पेटी, मागं चार वर्षांची लिडिया, पदर कमरेला खोचलेला, अशा त्या पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आल्या तेव्हा माझा दत्ता पोटात होता आणि मी एकवीस वर्षांची, भेदरलेली पोर. त्यांचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेले. बोर्डिंगात शिकल्यामुळं बोलणं स्वच्छ, पण रागावल्या की आमच्यापेक्षा रांगड्या. दत्ताच्या वेळी मी ओरडायला लागले तर म्हणाल्या, "शालन, एवढंच ओरडायचंय तर कालव्याच्या पलीकडं जाऊन ओरड. इथं मला पोराचं ऐकू येऊ दे." तसल्या कळांतही मला हसू फुटलं होतं. पुढं माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. चौथी पास बाई मी, पण वाचायची गोडी त्यांनी लावली. आठवड्याच्या पुरवण्या स्वतः वाचून झाल्या की माझ्यासाठी घडी घालून ठेवायच्या, आणि पुढच्या खेपेला विचारायच्याही, "वाचलीस का नुसती डब्यात घातलीस?" आज त्यांच्याबद्दल अशाच एका पुरवणीत लिहितेय...

दत्ता शाळेत जायला लागला त्या वर्षीची गोष्ट. आमच्या मालकांनी द्राक्षाची बाग लावली होती आणि पश्चिमेचं वारं अडवायला बांधावर सुरूची अठरा झाडं. ती तोवर दोन पुरुष उंच झाली होती. डिसेंबरात बाई लसीकरणाला म्हणून आल्या आणि जाताना बांधाकडं बघत उभ्या राहिल्या. नाताळात त्यांच्या घरी झाड लागायचं, आणि इथं आल्यापासून त्या बोरीच्या फांदीवर भागवत होत्या. "बोरीचं एक बरं आहे, काट्यांना चांदण्या चांगल्या अडकतात," त्या म्हणाल्या, "पण लिडिया दरवर्षी रक्त काढून घेते." मग हळूच म्हणाल्या, "यातलं एखादं लहानसं झाड मिळेल का?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जोत्यावर बसल्या होत्या. त्या एकदम उसळल्या. "जितं झाड तोडून घरात हुबं करायचं? आन् आठ दिसांनी फेकायचं? न्हाय नर्सबाई. तुमी माझा नातू काढलात, दुसरं काय बी मागा. बुडातनं तोडलेलं झाड माझ्या दारातनं न्हाय जायाचं."

मी शरमेनं मेले. पण मालक हसले. "आये, औंदा शेंडं मारायचंच हायत की. शेंडा मारल्याबिगर खालनं गच्च व्हत न्हाईत ती. त्यातला एक नेतील बाई."

बाई आत्याबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मला शेंडाच द्या, आक्का. बूड तुमचं तुमच्याकडं राहू दे. मी जिवंत असेपर्यंत तुमच्या बांधावरचं झाड बुडातून नेणार नाही." आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग मला म्हणाल्या, "च्या टाक."

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. दरवर्षी तीन-चार झाडांचे शेंडे मारायचे आणि त्यांतला एक बाईंचा. कुठला, ते त्या स्वतः येऊन ठरवायच्या, आणि ते ठरवणं म्हणजे स्थळ बघण्यापेक्षा कठीण काम. चोवीस तारखेला सकाळी यायच्या, अठरा झाडांखालून एक फेरी मारायच्या, मान वर करून. मग दुसरी फेरी. मालक शिडी घेऊन ताटकळत उभे. "बाई, दुपार व्हायला आली, आता मुंडावळ्या आणू का?" असं ते म्हणायचे. बाईंना बोंडं असलेला शेंडा लागायचा. सुरूला बोराएवढी खवल्यांची बोंडं येतात, ती त्या चंदेरी रंगवायच्या. पण नुसती बोंडं असून भागत नसे. चारी बाजूंनी फांदी हवी, आणि पानाची सुई ओढून बघितली तर सांध्यावर टच्चकन तुटली पाहिजे, म्हणजे ताजी. पोरं ती सुई तोडून परत जोडायची आणि "सांग कुठं तुटलंय" म्हणून एकमेकांना फसवायची. बाई त्यांच्यात बसून खेळायच्या आणि हटकून जिंकायच्या. त्यांची नजरच तशी होती.

आणि जिथं शेंडा मारला तिथं पुढच्या वर्षी बाजूची फांदी वर वळते, खोडाला बाक राहतो. त्या बाकांवर बाईंची सगळी वर्षं लिहिलेली होती. "हे बघ, याचं डोकं नेलं तेव्हा लिडियाला गोवर आलेला. हे तुझ्या धाकटीच्या बारशाचं वर्ष. हे... हे आक्का गेल्या त्या साली." मी त्याच बांधावरनं रोज ये-जा करायचे, पण मला ती अठराही सारखीच दिसायची. बाईंना प्रत्येक झाड वेगळं ओळखू यायचं.

लिडिया पुण्याला कॉलेजात गेली तेव्हा तिला सुरूची लाज वाटायला लागली. मैत्रिणींकडं वेगळी झाडं असतात म्हणाली. बाईंनी तिचं मन मोडलं नाही, तीन वर्षं दुसरी झाडं आणून बघितली. एकदा मोरपंखी आणली. ती आपल्याकडं पोरं विद्या म्हणून पुस्तकात ठेवतात तीच. बाई म्हणाल्या, "आमच्या कबरस्तानाच्या दाराला दोन्ही बाजूंना हीच आहे. घरात आणली की मला वाटतं, पाळकसाहेब आता येतील आणि माझंच नाव पुकारतील." एकदा सिल्व्हर ओकची फांदी. तिची पानं दोन दिवसांत वाळून घरभर. आणि एकदा ते कुंडीतलं अरौकेरिया, मजल्यावर मजला चढवल्यासारखं, पट्टीनं आखल्यासारखं सरळ. ते बघून म्हणाल्या, "हे झाड नाही, हे पोलीस परेड आहे. त्याच्यासमोर मलाच ताठ उभं राहावं लागतंय." चौथ्या वर्षी लिडियाच म्हणाली, "आई, शालनमावशीकडचंच आण." बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू त्यांची पोरच परत आलीय.

सुरूचं त्यांना काय वाटायचं ते एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "बाकीची झाडं नटून उभी राहतात गं. सुरू न्हाऊन केस मोकळे सोडून बसल्यासारखी वाटते. आणि ती बोलते." खरंच बोलायची. ओल्या वाळूच्या बादलीत शेंडा रोवून झाला की बाई ऐन थंडीत पंखा लावायच्या, अगदी हळू, आणि मग खोलीत तो आवाज यायचा, लांबनं कुणीतरी श्वास सोडल्यासारखा. आम्ही सगळे स्वेटर घालून, करंज्या खात, पंख्याखाली कुडकुडत बसायचो. मालक म्हणायचे, "बाईंच्या देवाला उकडतंय वाटतं."

नवं वर्ष उजाडलं की मी जायचे आणि वाळलेला शेंडा परत आणायचे. ते आत्याबाईंचं. "नेलाय तर राख तरी माझ्या दारात पडू द्या," म्हणायच्या. आमच्या बंबात सुरू अशी पेटायची की पाणी बघता बघता कढत. बाई निवृत्त होऊन बारामतीला राहायला गेल्या, आत्याबाई गेल्या, मालक गेले, तरी हे चुकलं नाही. चोवीसला त्या यायच्या, जानेवारीत मी जायचे.

आता गेल्या वर्षाचं लिहिते.

द्राक्षाचं पीक दोन हंगाम साधेना म्हणून दत्तानं बाग काढली आणि ऊस करायचं ठरवलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बागच नाही तर वारं कशासाठी अडवायचं? उलट सुरूच्या सावलीत उसाच्या चार ओळी मार खाणार. दिवाळी झाल्यावर लाकूडवाले आले. दत्ता माझ्याकडं आला, म्हणाला, "आई, तोडू ना सगळी?" विचारलं त्यानं मला. माझ्या ओठावर आलं होतं, एक ठेव, बाईंसाठी एक ठेव. पण सून तिथंच उभी, ते लाकूडवाले करवत घेऊन उभे, आणि मला वाटलं, हसतील. नाताळाच्या झाडासाठी म्हातारी शेत अडवून बसली म्हणतील. मी म्हटलं, "तोड की. मला काय इचारतोस." आणि आत जाऊन त्या लोकांना चहा टाकला. दुपार टळायच्या आत अठराही आडवी झाली. चहाचे पेले गोळा करायला गेले तेव्हा सगळे बाक माझ्या पायाशी, जमिनीवर होते. लिडियाचा गोवर कुठला आणि आत्याबाई कुठल्या, मला काही सांगता आलं नाही.

तेव्हाच फोन करायचा होता. दोन मिनिटांचं काम. "बाई, झाडं गेली हो" एवढं म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "असू दे, बोर आहे ना अजून?" मला माहीत होतं त्या असंच म्हणतील. तरी आज करते, उद्या करते करत डिसेंबर आला, आणि फोन त्यांचाच आला.

"शालन, चोवीसला पहिल्या एस.टी.नं येते."

"नगा येऊ बाई. गुडघं किती दुखत्यात तुमचं. मीच चांगला बघून पाठवते."

मग म्हणाल्या, "बरं. पण मग आत्ता जा बांधावर. फोन घेऊनच जा. मला सांग या वर्षी कुठला बरा दिसतोय."

आणि मी गेले. कशी गेले कुणास ठाऊक. नव्या लागणीचा ऊस गुडघ्याएवढासुद्धा नव्हता, बांधावर अठरा बुडखे. त्यांच्या मधोमध मी कानाला फोन लावून उभी राहिले आणि म्हटलं, "चौथ्याला बोंडं लई आल्यात बाई."

"चौथं म्हणजे विहिरीकडून का रस्त्याकडून?"

"विहिरीकडनं."

"त्याला दोन शेंडे फुटले होते ना?"

"व्हय. त्यातला डावा घ्यावा म्हंते. चारी अंगांनी गच्च हाय."

"आणि सातवं?"

"सातवं जरा उघडं पडलंय खालनं."

त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. एकेका झाडाचं. तोंडाला येईल ते नव्हे, अगदी बघून सांगितल्यासारखं. इतक्या वर्षांत मला जे दिसलं नव्हतं ते सगळं त्या दिवशी दिसत होतं. शेवटी म्हणाल्या, "वारं आहे का गं? आवाज येतोय का?" मी फोन वर धरला. शेजाऱ्याच्या रानातला ऊस सळसळत होता, तो ऐकवला.

"छान," बाई म्हणाल्या. "छान आहे."

आता झाड पाठवणं आलं. मी बारामतीच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत गेले. वाटलं, काहीतरी इतकं देखणं पाठवावं की बाई सुरूचं विसरून जातील. तिथल्या माणसानं अरौकेरिया दाखवलं, "आजी, नाताळाचं झाड म्हंजे हेच." मी विचारलं, "तोडून देता का?" तर तो माझ्याकडं बघतच राहिला. "आठ वर्सं वाढवलंय आजी. कुंडीसकट न्या, तोडायचं नाव काढू नगा." मग मोरपंखी दाखवली, ती तोडून द्यायला तयार होता, हिरवीगार, ज्योतीसारखी घडलेली. हात लावला आणि मला कबरस्तानाचं दार आठवलं. सिल्व्हर ओकच्या तर वाटेला गेले नाही. सगळी झाडं बघितली, आणि प्रत्येकाला बाईंनी आधीच नाव ठेवलेलं. तशीच रिकाम्या हातानं निघाले.

अंथुर्ण्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं बांधावर नव्या जातीची सुरू लावलीय, तिला क्लोन म्हणतात. सरळसोट, भराभर वाढणारी. त्याच्याकडं गेले. म्हटलं, एक शेंडा दे बाबा. तो म्हणाला, "शेंडा काय नेताय मावशी, काडीसारखा. दाट झाल्यात, मला इरळ करायचीच हायत. आख्खंच न्या." आणि मी नको म्हणायच्या आत कोयत्याचे दोन घाव घालून त्यानं ते बुडातनं उतरवलं. वर्ष-दीड वर्षाचं झाड. मातीत बूड लोळलं. मला आत्याबाईंचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. तरी मी ते घेतलं.

घरी आणून बूड निरखलं. मुळाकडचा फुगवटा, लाल माती. शेंड्याचं बूड असं नसतं हे बाईंना दिसल्याशिवाय राहणार नव्हतं. मी करवतीनं वीतभर बूड कापून टाकलं. आणि बोंडं? क्लोनला एक बोंड नव्हतं. मग मी बांधावर गेले, उसाच्या सरीत वाकून आमच्या जुन्या झाडांची पडलेली बोंडं वेचली, ओंजळभर. शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा घेतला, चष्मा लावला, आणि ओसरीवर बसून एकेक बोंड त्या फांद्यांना बांधलं. सून विचारायला आली, "आई, काय करताय?" मी म्हटलं, "काय न्हाय, बाईंचं झाड सजवतेय." दुधाच्या टेम्पोत घालून ते बारामतीला पाठवून दिलं.

पंचवीसला दरवर्षी मी जायचे. या वर्षी नाही गेले, पाहुणे आलेत म्हणून सांगितलं. पाहुणे कुणी नव्हते. दुपारी बाईंचा फोन आला.

"झाड पोचलं गं."

"बरं हाय का?"

"उंच आहे," त्या म्हणाल्या. मी पुढचं ऐकायला थांबले. पुढं काही नव्हतं. मग म्हणाल्या, "तू कधी येतेस?"

"नवीन वर्साला येते की, नेहमीसारखी."

नव्या वर्षाला गेले नाही. पुन्हा फोन आला, "शालन, झाड वाळलंय. येतेस ना न्यायला?" मी म्हटलं, "संक्रांत झाली की येते." त्या म्हणाल्या, "ये. बसू जरा. घाई करू नकोस येताना, दिवस हातात ठेवून ये." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. संक्रांत झाली. तिळगुळाचा डबा भरून चार दिवस फडताळात पडला होता.

मातीला दत्ता आणि मी गेलो. घरात माणसांची गर्दी, बाई मधे, पांढऱ्या साडीत, लहान दिसत होत्या. आणि त्यांच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात ते झाड, तांबडं पडलेलं, तसंच उभं. आलेल्या बाया कुजबुजत होत्या, जानेवारी अर्धा गेला आणि सिस्टरनी झाड कसं काढलं नाही? मी मान खाली घालून बसले. कुणी हात जरी लावला असता तरी झडलं असतं.

आठ-दहा दिवसांनी लिडियाला आवरायला मदत करावी म्हणून पुन्हा गेले. ती भांडी बांधत होती. मीच म्हटलं, "ते झाड मी नेते गं. राहूनच गेलं."

लिडिया म्हणाली, "मावशी, ते आईनं कुणाला काढू दिलं नाही. नाताळ करून मी नवीन वर्षाला परत आले तेव्हा काढत होते तर रागावली. म्हणाली, शालन येणार आहे, तिच्या हातानं निघू दे." तिला सांगावं की नाही असं झालेलं मला दिसलं. "मावशी, आईला माहीत होतं."

"काय म्हाइत व्हतं?"

"झाडं तोडल्याचं. नोव्हेंबरात ती हयातीचा दाखला द्यायला इंदापूरला गेली होती ना. एस.टी.तून दिसलं तिला."

दरवर्षी नोव्हेंबरात बाई इंदापूरहून परत येताना आमच्या फाट्यावर उतरायच्या, भाकरी खाऊनच पुढं जायच्या. या वर्षी उतरल्या नव्हत्या आणि मी म्हटलं होतं, गुडघे असतील. म्हणजे मी बुडख्यांत उभी राहून चौथ्या झाडाचा डावा शेंडा सांगत होते तेव्हा... सातवं खालनं उघडं पडलंय म्हणत होते तेव्हा... आणि वारं ऐकवलं तेव्हा...

"आई त्या दिवशी मला म्हणाली, शालन सांगेल, तिला सांगू दे. मी म्हटलं, अगं तूच विचार ना. तर म्हणाली, झाडं त्यांची, मी कसं विचारू? लोक म्हणतील म्हातारीला शेंड्याची पडलीय." लिडिया चिंधीला गाठ मारत बोलत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "मग दर फोनला मी विचारायचे, सांगितलं का मावशीनं? तर म्हणायची, अजून नाही."

"आन् झाड बघून काय म्हनल्या?"

"बुडाची जाडी बघून म्हणाली, याचं बूड आक्कांनी पाहिलं नाही ते बरं झालं. आणि बोंडांचे दोरे दिसले तेव्हा चष्मा पुसून परत बघितले. म्हणाली, शालननं टाके घातलेत. बोंडं मात्र जुनीच आहेत, आपलीच. त्या दिवशी आईनं चंदेरी रंग बाहेर काढला नाही, बोंडं तशीच ठेवली." लिडियानं गाठोडं बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुम्ही आला असता ना, तर ती काहीच विचारणार नव्हती. तुम्ही कधी सांगताय एवढीच वाट बघत बसली असती."

लिडियानं हे मला बोचावं म्हणून सांगितलं नाही, ती तसली पोर नाही. पण मला त्यात कुठंही 'जाऊ दे' ऐकू आलं नाही, आणि ऐकू यावं असं मी काही केलंही नाही. माझी लाज राखायला बाई माझं खोटं झाड वाळेपर्यंत घरात घेऊन बसल्या, आणि मी त्यांच्याकडं जायला तीन आठवडे घाबरले. त्यांना, ज्यांनी मला अंगावरच्या कपड्याशिवाय बघितलं होतं, त्यांना मी घाबरले!

झाड हलवायला गेले तर हलेना. पडू नये म्हणून बाईंनी ते खिडकीच्या गजाला बांधलं होतं, बँडेजच्या पट्टीनं. इतकी वर्षं त्या खोलीत बसले, पण झाडाच्या मागं काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. त्या गजावर खालपासून वरपर्यंत पट्ट्यांच्या गाठी होत्या. पिवळ्या पडलेल्या, काही चहाच्या रंगाच्या, एकीखाली एक. "आई गाठ कधी सोडायची नाही," लिडिया म्हणाली, "पट्टी कापायची, गाठ तिथंच ठेवायची. या घरात आल्यापासूनच्या आहेत सगळ्या." सगळ्यांत वरची पांढरी होती. तिनं मला कात्री दिली. मी आधी नखानं ती गाठ सोडवायला बघितली. सुटली नाही. बाकीच्यांइतकीच ओढून बांधली होती त्यांनी. मग मी कात्री लावली.

घर भाड्यानं द्यायचं की विकायचं ते लिडियाचं ठरत नाही, तोवर किल्ली माझ्याकडं आहे. आठवड्यातून एकदा बारामतीला जाते, खोली झाडते, खिडकी उघडते. त्या गजापाशी स्टूल ओढून बसते आणि मोठ्यानं बोलायला सुरुवात करते, घरात कुणी नसतंच. "बाई, दिवाळी झाल्यावर लाकूडवाले आले, आन् सुरूची झाडं तोडली..." इथवर नीट येतं. कुणी तोडली म्हणून सांगायचं, दत्तानं का मी, तिथं माझी जीभ अडते. मग खिडकी लावून, कुलूप घालून, लासुर्ण्याची एस.टी. धरते.